एक, दोन, तीन, चला!

८ मे

सुट्टीवर जाण्याचा मला अजिबात अनुभव नाही. आमच्या अल्टरेशनच्या दुकानात सुट्टी असते ती दुसऱ्यांची. लोक पँट घेऊन येतात, म्हणतात परवा निघायचंय, तेवढी उंची कमी करून द्या. आज मी स्वतःच्याच पँटची उंची कमी केली आणि माझं मलाच हसू आलं. उद्या निघायचंय.

नवऱ्याचं बरोबर उलट. तो सहलीच्या बसबरोबर जाणारा मॅनेजर, त्याचं अर्धं वर्ष लोकांना फिरवण्यात जातं. म्हणून त्याने जाहीर केलंय की या वेळी तो कोणालाही कुठेही फिरवणार नाही. एक भलीमोठी बाग आहे, तिच्यात पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, छोटी रेल्वे, तळं, आणि राहायचं हॉटेलही आतच. एकदा आत शिरलं की घरी निघेपर्यंत बाहेर पडायचं कारण नाही. तिसरा अख्खा दिवस तर त्याने 'आरामाचा दिवस' म्हणून वेगळा काढून ठेवलाय. आराम करायचा दिवस आधीपासून ठरवून ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आम्ही चौघं जाणार. मी, तो, त्याची नऊ वर्षांची मुलगी मुंगी (खरं नाव आहे, पण ते फक्त शाळेत चालतं) आणि आजी. आजी म्हणजे मुंगीच्या आईची आई. मुंगीची आई गेली तेव्हा त्या चार दिवसांसाठी आल्या आणि राहूनच गेल्या. पूर्वी शाळेत पीटीच्या बाई होत्या, पर्समध्ये अजून शिट्टी असते. नवऱ्याला त्या अजूनही जावईबापू म्हणतात. त्या माझ्या नात्याने कोण, याला शब्दच नाही. कोणी विचारलं तर मी म्हणते, 'घरातल्या मोठ्या.'

आता स्पष्टच लिहिते, इथे नाही लिहिलं तर कुठे लिहिणार? सुट्टीनंतर आजी त्यांच्या मुलाकडे, म्हणजे मुंगीच्या मामाकडे, राहायला जाणार आहेत. "आता तुमचा संसार तुम्ही करा, मी किती दिवस मधे लुडबुडू?" असं म्हणाल्या. आणि मुंगीला त्यांनी सांगितलंय, माझ्याबरोबर यायचं की इथे राहायचं ते तुझं तू ठरव, सुट्टी झाली की सांग. नवरा 'बरं' म्हणाला आणि मग नळाखाली एकच पातेलं घासत उभा राहिला. मला कोणी विचारलं नाही. लग्नाला वर्षही झालेलं नाही, मला विचारणार तरी काय? मुंगीने अजून मला एकदाही हाक मारलेली नाही. काही हवं असलं की नुसती समोर येऊन उभी राहते. तरी मला ती हवी आहे. लिहून टाकलं, बरं वाटलं.

९ मे

पोचलो. खोली छान आहे, पडदे वाईट आहेत. शिवणाऱ्याने खालची दुमड सरळ घातलेली नाही. नवरा म्हणाला, "पडद्यांकडे बघू नकोस, खिडकीबाहेर बघ." बाहेर खरंच मोठं चक्र फिरत होतं, त्याच्या मागे तळं आणि तळ्याकाठून धूर न सोडणारी एक रंगीत आगगाडी चाललेली.

जेवताना आजींनी त्याला फर्माइश केली, "जावईबापू, तो तुमचा हरवलेला माणूस सांगा." त्याने सांगितलं. त्याच्या नोकरीतली पहिली सहल. सकाळी निघताना त्याने बसमधली माणसं मोजली, अठ्ठावीस. धबधबा बघून परत आल्यावर मोजली, सत्तावीस. पुन्हा मोजली, सत्तावीस. मग काय, अख्खी बस खाली उतरून हरवलेल्याला शोधायला लागली. हा स्वतः झुडपांत शिरून "अहो, कुठे आहात?" म्हणून ओरडत होता. शेवटी मागच्या सीटवरच्या एका काकांनी विचारलं, "साहेब, सकाळी तुम्ही स्वतःला धरलं होतं का?"

आजींना ठसका लागला. मीही हसले, पण माझं अर्धं लक्ष मुंगीच्या फ्रॉककडे होतं, बाहीवर सॉस सांडत होता. मुंगी मात्र हसत नव्हती. परीक्षेत येणार असल्यासारखी ऐकत होती. "मग काय शिकलास, बाबा?" तिने विचारलं.

"दोन गोष्टी. एक तर नीट मोजायचं. आणि माणूस मागे ठेवून गाडी हलवायची नाही, कितीही आरडाओरडा झाला तरी."

"तू सुट्टीवर आहेस ना? मग इथे मोजायचं काम माझं," मुंगी म्हणाली. त्याने उठून तिला सलाम ठोकला.

मी तिच्या बाहीवरचा डाग पुसायला हात पुढे केला. तिने हात काढून घेतला नाही, एवढंच.

१० मे

दिवस खरं तर चांगला गेला. पण एक गोष्ट खटकली आणि ती मनातून जात नाही.

सकाळी खोलीतून निघताना मुंगी दारात उभी राहिली आणि बोट फिरवत मोजायला लागली. "एक, दोन, तीन, चला!" मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. मला वाटलं, मी दिसले नसेन. नाष्ट्याच्या हॉलमधून निघताना मी मुद्दाम सगळ्यांच्या पुढे उभी राहिले. तिची नजर माझ्यावर अगदी नीट टेकली, क्षणभर थांबलीसुद्धा. वाटलं, आता चार म्हणेल. "तीन, चला!" दुपारी घसरगुंडीपाशी पुन्हा तेच. तीन.

आजी, बाबा आणि ती. हिशेब बरोबरच आहे तिचा. तिच्या घरात तीनच माणसं होती, ती तशीच आहेत. मी मागून आलेली. पोरीने मुद्दाम केलं नसेल, आतून जसं आहे तसं तोंडावर आलं. तेच जास्त लागतं.

आणि दुसरी गोष्ट. नाष्टा करताना मी बोलता बोलता म्हणाले होते की मला उंचीवर गरगरतं, दुकानात स्टुलावर चढून वरचा गठ्ठा काढायचा तरी मी मालकीणबाईंना स्टूल धरायला लावते. नंतर आम्ही मोठ्या चक्राच्या रांगेत गेलो. या चक्रासाठी मुंगी महिनाभर नाचत होती. पाळण्यात दोघादोघांनी बसायचं. आजी आणि नवरा पुढच्या पाळण्यात बसले, आजी तर टाळ्याच वाजवत होत्या. आमचा पाळणा आला तेव्हा मुंगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मला नाही जायचं. पोटात दुखतंय."

आम्ही बाकावर येऊन बसलो. थोड्याच वेळात पोटात दुखणाऱ्या मुलीने मोठा आइस्क्रीमचा कप संपवला, तेव्हा मी काय ते समजले. माझ्याबरोबर त्या एवढ्याशा पाळण्यात तिला बसायचं नव्हतं. आइस्क्रीम खाता खाता तिने विचारलं, "आत्ता गरगरतंय?"

"नाही गं, मी चढलेच कुठे?"

"हं," म्हणाली आणि चमचा चाटत चक्राकडे बघत राहिली.

नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. सुट्टीत कशाला त्याच्या तोंडची चव घालवा.

११ मे

हे तळ्याकाठच्या हिरवळीवर बसून लिहितेय. बाकीची तिघं बदकांना पाव घालतायत. सकाळपासूनचं क्रमाने लिहिते.

आज आरामाचा दिवस. नवऱ्याने सकाळीच मनगटावरचं घड्याळ काढून आजींच्या ताब्यात दिलं आणि मग नाष्टा होईपर्यंत त्यांना सारखं विचारत राहिला, किती वाजले. आजींनी शेवटी घड्याळ मोज्यात सरकवलं. म्हणाल्या, "जावईबापू, आता वेळ हवी असेल तर माझे पाय धरा."

मग आम्ही रेंगाळत वाहणाऱ्या पाण्यात गेलो. गोल गोल जाणारा कालवा आहे, टायरसारख्या फुगलेल्या रबरी कड्यात बसायचं आणि पाणी नेईल तिकडे जायचं. काही करायचं नाही. मला वाटलं होतं मला हे जमणार नाही, पण जमलं. डोळे मिटून पडून राहिले. पायाच्या बोटांना ऊन लागत होतं. कोणाची तरी पँट परवापर्यंत द्यायची आहे हा विचारही मनात आला नाही. नवरा बाजूने तरंगत गेला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पुढचा थांबा, इथेच." आजी त्यांच्या कड्यात झोपल्या आणि तशाच किती फेऱ्या फिरल्या कोण जाणे. काठावर उभा असलेला जीवरक्षक घाबरून वाकून वाकून बघायला लागला. मुंगी त्याला ओरडून सांगत होती, "त्या झोपल्यात, घोरतायत, ऐका!" आम्ही सगळे इतके हसलो की माझ्या नाकात पाणी गेलं. तेवढा वेळ मी मोजणीबिजणी सगळं विसरले होते.

पाण्यातून बाहेर आल्यावर मुंगीने ओल्या अंगानेच बोट फिरवलं. "एक, दोन, तीन, चला!" झालं, पुन्हा तीनच.

दुपारी छोट्या रेल्वेने तळ्याच्या या बाजूला यायचं ठरलं. स्टेशनजवळ आइस्क्रीमच्या टपरीमागे मला एक गुलाबी गेंडा दिसला. या बागेत तो सगळीकडे फिरतो, मुलांशी हात मिळवतो, फोटो काढून घेतो. आत्ता त्याचं डोकं काखेत होतं आणि आतून माझ्याच वयाची एक बाई रुमालाने मान पुसत होती. पाठीची शिवण कमरेपासून शेपटीपर्यंत उसवलेली, आणि ती एका हाताने मागे सेफ्टी पिन लावायचा प्रयत्न करत होती. उसवलेली शिवण मला बघवत नाही. पर्समध्ये सुई-दोरा असतोच.

मी नवऱ्याला म्हटलं, "दोन टाके घालून येते." तो आजींना डब्यात चढवत होता. मला वाटलं त्याने मान हलवली.

गेंड्याचं कापड जाड, आत स्पंजचा थर. बाई टपरीला टेकून उभी राहिली आणि मी तिच्या मागे गुडघ्यावर बसून उलटी टीप घालत गेले. "तुम्ही इथल्याच का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही, सुट्टीवर आलेय." ती इतकी हसली की सुई माझ्या बोटात घुसली.

खरं लिहायचं तर काम तेवढ्यातच उरकलं असतं. वरून घाईची टीप घातली असती तर संध्याकाळपर्यंत टिकली असती. पण मी सावकाश, बारीक टाके घेत राहिले. रेल्वेची घंटा झाली, तरी उठले नाही. मनात म्हटलं, जाऊ दे. तिकडे मुंगी बोट फिरवेल, एक, दोन, तीन, आणि तिची मोजणी पुरी होईल. माझ्यासाठी गाडी अडायचं काही कारणच नाही. तिघांना एक दुपार मिळू दे. मुंगीने मामाकडे जायचं ठरवलं तर त्याला निदान एवढी आठवण राहील.

"घंटा झाली हो," गेंडाबाई म्हणाली. "तुमची माणसं जातील ना."

"त्यांची माणसं पुरी आहेत," मी म्हटलं.

"आणि तुम्ही?"

मी दोरा दातांनी तोडला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. रेल्वेची नव्हे. कवायतीच्या मैदानावर शंभर पोरांना जागच्या जागी उभं करणारी शिट्टी. ती शिट्टी मी ओळखते. मी सुई-दोरा हातात घेऊनच पळत सुटले, आणि का कोण जाणे, डोकं काखेत घेतलेला गेंडाही माझ्यामागे पळत आला.

फलाटावर गाडी उभी होती. मुंगीने एक पाय पायरीवर आणि एक पाय फलाटावर ठेवला होता आणि दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. चालक खाली उतरून तिची समजूत काढत होता. "बाळ, मागून दुसरी गाडी येते आहे, त्यांना त्या गाडीने येता येईल." पाठीमागच्या डब्यांतली माणसं माना बाहेर काढून बघत होती. कोणी तरी ओरडलं, "चला हो, किती वेळ!"

"नाही," मुंगी म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "एक कमी आहे. माणूस मागे ठेवून गाडी हलवायची नसते."

आजी डब्यात उभ्या राहून शिट्टी तोंडात धरून होत्या, कोणी फार बोललं की फुंकायच्या तयारीत. नवरा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला मला शोधत, लोकांना विचारत फिरत होता. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

मी समोर आले तशी मुंगीने दांडा सोडला आणि माझ्या पोटावर दोन बुक्क्या मारल्या. "कुठे होतीस तू? मी किती वेळा मोजलं! दोनच येत होते, दोनच!" आणि मग ती रडायलाच लागली, तोंड उघडं टाकून, नाकडोळे वाहेपर्यंत.

मला काही कळेचना. "अगं, पण तुझे तीन तर होते ना? बाबा, आजी आणि तू."

ती रडता रडता थांबली. माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दोरा ओवायला चुकल्यावर मालकीणबाई बघतात. "मी? मी कशी असेन त्यात? मी मोजतेय ना! मोजणारा स्वतःला धरतो का कधी? बाबाचा माणूस तसाच तर हरवला होता!"

मी मटकन खाली बसले, तिथेच, फलाटावर. दोन दिवस माझ्या छातीवर ठेवलेलं ओझं एका नऊ वर्षांच्या मुलीने असं सहज उचललं. बाबा, आजी आणि मी. पहिल्या सकाळपासून मी त्यात होते. समोर उभी राहिले तेव्हा तिची नजर थांबली होती ती मला धरायलाच. मी काय रडले म्हणून सांगू. नवरा धापा टाकत आला आणि त्याला वाटलं मला लागलंय. त्याने आधी माझे गुडघे तपासले, मग बोटावरचं सुईचं रक्त बघून आणखी घाबरला.

"काही नाही रे," मी म्हटलं. "हिशेब चुकला होता माझा."

"बाबा, हिला मोजताच येत नाही," मुंगीने नाक पुसत तक्रार केली.

चालकाने घाम पुसला. गेंडाबाईने डोकं चढवलं आणि आम्हाला वाकून नमस्कार केला, शिवण अजिबात हलली नाही. आम्ही डब्यात बसलो. मुंगी सगळ्यांसमोर उभी राहिली. आजींकडे बोट, एक. बाबाकडे बोट, दोन. मग तिने बोट सरळ माझ्या कपाळावर टेकवलं, पुन्हा हरवू नये म्हणून असेल, चांगलं दाबून. "तीन, चला!"

मागच्या डब्यांतली तीच ओरडणारी माणसं टाळ्या वाजवत होती.

आत्ता मुंगी हात हलवून मला बोलावतेय. पाव संपला म्हणे. उठते.

१२ मे

परतीच्या बसमध्ये लिहितेय. बस हलते आहे, तरी लिहिणार, कारण घरी गेल्यावर लगेच पँटा सुरू.

सकाळी नाष्ट्याला आजींनी विषय काढला. "मग काय गं मुंगे, काय ठरलं?" मी पावाला लोणी लावत होते, ते लावतच राहिले. नवऱ्याने कप उचलला आणि प्यायचा विसरला.

मुंगी म्हणाली, "मी मामाकडे नाही येणार."

"का गं?"

"इथे कोणाला नीट मोजता येत नाही. बाबा सुट्टीवर असला की विसरतो. आणि ही तर मागेच राहते. मी नसले तर रोज कोणी ना कोणी हरवेल."

ही. मला 'ही' म्हणाली, तेही चिडून, आणि मला एवढा आनंद झाला की मी लोणी लावलेला पाव सरळ तिच्याच ताटात ठेवला. आजी हसल्या आणि हसता हसता रुमाल डोळ्यांना लावला. मला कळलं की त्यांनाही हेच ऐकायचं होतं आणि ऐकून लागलंही होतं. मग मी इतके दिवस न बोललेलं बोलून टाकलं. "आजी, मामांकडे जरूर जा. पण परत यायच्या बोलीवर. तुम्ही मधे लुडबुडत नाही. तुम्ही नसलात तर आमची मोजणी दोनवरच अडेल."

आजींनी रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला. "महिनाभर जाऊन बघते," म्हणाल्या. "सुनेच्या हातचा चहा कसा आहे त्यावर आहे. नाही जमलं तर शिट्टी वाजवीन."

"ऐकू येईल," नवरा म्हणाला. "दोन गावांना ऐकू येईल."

निघण्याआधी मुंगी मला हाताला धरून मोठ्या चक्रापाशी घेऊन गेली. मला वाटलं, राहिलंय ते बसायचं असेल. ती म्हणाली, "तू खालीच थांब. मी बाबाबरोबर जाते. तू फक्त इथून हलू नकोस, वरून मला दिसली पाहिजेस." मी बाकावर बसले. चक्र वर गेलं की एक बोट खाली माझ्याकडे रोखलेलं दिसायचं, दर फेरीला. तेव्हा कुठे मला परवाची पोटदुखी आठवली आणि आइस्क्रीम खाताना तिने विचारलेला तो प्रश्न. इतकी कशी मी मठ्ठ?

बसपाशी सामान चढवून झालं. नवरा, आजी आणि मुंगी जागेवर बसले. मी दाराशी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होते. मुंगीने सीटवरूनच हुकूम सोडला, "आज तू मोज. शिकायला हवंस."

मी बोट पुढे केलं. आजी, एक. हा, दोन. मुंगी, तीन. सवयीने माझं बोट आणखी एक माणूस शोधत हवेत तसंच राहिलं. मुंगी भुवया उंचावून, श्वास रोखून माझ्याकडे बघत होती.

"तीन," मी म्हटलं. "चला!"